शीटखालचा वास

लाँड्रीत सगळे तिला नाकाबाई म्हणायचे आणि तिला त्याचा राग येत नसे. गिऱ्हाइकानं काउंटरवर गाठोडं टाकलं की ती एकेक कपडा उचलून नाकापाशी न्यायची आणि डागाकडे न बघताच सांगायची, हा घामाचा, हा तेलाचा, ह्यावर लेकरानं दूध ओकलंय, आणि हा ओलाच पिशवीत कोंबून ठेवलाय. खानावळीची फडकी, खाटकाचे एप्रन, आजारी माणसांच्या चादरी, दिवसभर परक्यांची घाण तिच्या हाताखालून जायची. घाण कशाची ते कळलं की ती काढता येते, एवढं तिचं साधं गणित होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र नाकाला सुट्टी मिळावी, असं तिला वाटे. ती कधी मिळालीच नाही.

घर तळमजल्यावरचं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक चिंचोळी खोली, तिथे सासूबाई झोपायच्या. स्वयंपाकघरापासून त्या खोलीच्या टोकापर्यंत एकच सलग व्हिनाइलची शीट होती, राखाडी चौकड्यांची. एकदा नाकाबाई चार दिवस माहेरी गेली असताना नवऱ्यानं ती गुपचूप घालून घेतली होती. ती परत आली तर खालची जुनी तपकिरी शीट गायब आणि वर ही नवीकोरी. नवरा दारातच हसत उभा. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. न सांगता बायकोसाठी काही करणारे नवरे असतात तरी किती?

नवऱ्याला गल्लीत सगळे बसकाका म्हणत. तो शाळेची बस चालवायचा. पोरांच्या रडारडीत, उलट्यांत, भांडणांत त्याचा आवाज कधी चढला नाही. कुणी काही तक्रार केली की म्हणायचा, "चालतंय की." नळ गळतोय, चालतंय की. दाराची कडी लागत नाही, चालतंय की. माणूस गरीब गाय आहे असं सगळे म्हणत, आणि तीही म्हणे.

वास सुरू झाला तो ह्या राखाडी शीटनंतर, पण तेव्हा कुणी तसा हिशेब लावला नाही. आधी तो सकाळीच यायचा, दार उघडल्याबरोबर. शिळ्या कोबीचं पाणी, त्यात ओलं पायपुसणं, आणि त्यामागे काहीतरी गोडसर, मेलेलं. मग तो दिवसभर राहू लागला. नाकाबाईनं कपाटं उपसली, डबे धुतले, शीट फिनाइलनं पुसली. पुसली की तासभर फिनाइलचा वास, आणि मग पुन्हा तोच. आणि कितीही वेळा शोधलं तरी तो सगळ्यात जास्त यायचा सासूबाईंच्या खाटेपाशी.

सासूबाईंचं वय झालं होतं. कधी खोकताना, कधी उठायला उशीर झाला तर त्यांचे कपडे ओले व्हायचे, आणि त्या ते लपवायच्या. उशीखाली घडी करून ठेवलेला परकर नाकाबाईला सापडला तेव्हा तिला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. लाँड्रीत रोज ओळखत होती तशी तिनं घाण ओळखली होती. एके दिवशी जेवताना बसकाकाच म्हणाला, "आईचं वय झालंय गं. आता काय करणार?" मान खाली घालून, भात कालवत म्हणाला.

त्यानंतर त्या खोलीत जाताना नाकाबाई तोंडानं श्वास घ्यायची. सासूबाईंना ते दिसत होतं. त्यांनी जेवणाचं ताट खोलीत मागायला सुरुवात केली, पाहुणे आले की दार लावून घेऊ लागल्या, आणि दिवसातून दोनदा अंघोळ करू लागल्या. तरी वास जाईना. मग बसकाकानं गादी फेकून दिली. नवी आणली, तिलाही महिन्याभरात तोच वास लागला. अखेर बसकाकानं स्वतःच्या बहिणीशी बोलून आईला तिकडे नेऊन सोडलं. निघताना सासूबाई नाकाबाईला म्हणाल्या, "तुला फार त्रास दिला गं मी." त्या दारापुढच्या पायऱ्या उतरून गेल्या, तेव्हा तिनं खिडक्या उघडल्या आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

काही दिवस वास कमी झाला, किंवा तिला तसं वाटलं. मग तो परत आला. मुरलाय, तिनं ठरवलं. म्हातारीचं सगळं ह्या शीटमध्ये मुरलंय. शीट बदलल्याशिवाय सुटका नाही.

दुकानात रोल उभे करून ठेवले होते, माणसांच्या उंचीचे, एकमेकांना टेकलेले. खोटं लाकूड, खोटा संगमरवर, खोटी दगडी फरशी. बसकाका सरळ एका जाड शीटपाशी गेला आणि अंगठ्यानं ती दाबून बघायला लागला. दाबली की खाली जायची आणि हळूहळू वर यायची.

"ही बघ कशी मऊ आहे. पायाला बरी."

"फोमवाली आहे काका," विकणारी मुलगी म्हणाली. "खाली काही उंचसखल असलं तरी दिसत नाही. जुन्या शीटवरसुद्धा टाकता येते."

"हीच घेऊ," बसकाका म्हणाला.

नाकाबाईनं नमुन्याचा तुकडा उचलून नाकाला लावला. मुलगी बघतच राहिली. नव्या प्लास्टिकचा डोकं धरणारा वास, आत काहीतरी तेलकट. मऊ शीट तिला आवडली नाही. पायाखाली मांस दाबल्यासारखी वाटत होती. तिनं कोपऱ्यातली एक पातळ, कडक शीट काढायला लावली. फिकट रंगाची, चमक नसलेली, एकही चौकट नाही की फूल नाही. हिच्यावर थेंब पडला तर दिसला असता, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

"ही घेतली तर खालची जुनी काढावी लागेल हं," मुलगी म्हणाली. "पातळ आहे ना, खालची घडीसुद्धा वर उमटते. खालची जमीन कोरडी आणि सपाट पाहिजे."

"काढू की," नाकाबाई म्हणाली.

"कशाला तो व्याप?" बसकाका म्हणाला. "वरून टाकलं तर चालतंय की."

"म्हणजे तो वास खालीच ठेवायचा?"

तो गप्प झाला. तिला वाटलं, आईच्या आठवणीनं गप्प झाला. उलट तिलाच मनातून थोडी खंत वाटली.

रोल घरी आला तो आधी बैठकीच्या खोलीत उलगडून ठेवला, गुंडाळीचा बाक जाऊन ती सरळ व्हावी म्हणून. दोघं तिच्या कडेकडेनं चालत होती. बसकाका त्या दिवसांत नीट जेवत नव्हता. काम दुसऱ्या कुठल्या दिवशी ठेवू या, असंही त्यानं एकदोनदा सुचवून बघितलं. नाकाबाईनं लाँड्रीतून सुट्टी काढली होती. ती ऐकायला तयार नव्हती.

शीट बसवणारा सकाळी आला, तोंडात काडी, हातात कटर आणि दातेरी थापी. आल्या आल्या म्हणाला, "साहेबांचा फोन आला होता. वरूनच टाकायची म्हणाले."

"साहेब बसवर गेलेत. घरात मी आहे. काढा."

"ताई, कोण बघतंय खाली? पातळ शीट आहे खरी, पण मी थोडा लेप मारून देतो, काही कळणार नाही."

"काढा म्हटलं ना."

त्यानं सासूबाईंच्या खोलीच्या कोपऱ्यात कटर घातलं, टोक चिमट्यानं धरलं आणि ओढलं. शीट सुटताना जो आवाज झाला तो नाकाबाई पुढे कधी विसरली नाही. चिखलातून पाय काढावा तसा ओला, चोखल्यासारखा. आणि त्याबरोबर वास आला. आतापर्यंत घरात येत होता ती नुसती त्याची सावली होती. हा अंगावर आला, घशात उतरला, जिभेवर बसला. शीट बसवणाऱ्यानं काडी थुंकली, दाराबाहेर धावला आणि कठड्याला धरून भडाभडा ओकला.

नाकाबाई ओकली नाही. ती तिथेच उभी राहून बघत होती. राखाडी शीटच्या खाली जुनी तपकिरी शीट होती. ती काढलीच नव्हती. दोन्हींच्या मध्ये शेवाळी रंगाचा बुळबुळीत थर, त्यात तुपासारखी गोठलेली चरबी, भाताची शितं, केसांचे पुंजके. तपकिरी शीट तिनं स्वतः ओढली. ती चिंध्यांसारखी हातात आली. खालचं प्लायवूड काळं पडून फुगलं होतं आणि बोट लावलं की बोट आत जात होतं. पांढऱ्या, पाय नसलेल्या अळ्या उजेडाला घाबरून आत शिरत होत्या. खाटेच्या पायांच्या चार खुणा तिथेच होत्या, बरोबर त्या कुजलेल्या जागेवर. म्हातारी ह्याच्यावर झोपत होती.

तिनं बोटं नाकाला लावली. हे माणसाचं नव्हतं. साबण, खरकटं, तेल, कुजलेलं लाकूड. लाँड्रीत नवशिक्या बाईनंसुद्धा एका दमात ओळखलं असतं.

ओल कुठून येतेय ते शोधायला फार वेळ लागला नाही. जमिनीला त्या खोलीकडे उतार होता, आणि ओलीचा माग उलटा जात थेट सिंकच्या कपाटाखाली पोचत होता. कपाटाच्या तळाची फळी उचलली तर भांड्यांच्या पाण्याचा पाइप सांध्यापाशी निखळलेला, आणि त्या सांध्याला गच्च गुंडाळलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी. बसच्या पायऱ्यांच्या कडांना लावतात ती. तिच्या घरात ती आणणारा एकच माणूस होता. पट्टीवर पट्टी होती, एक जुनी, तिच्यावर एक कमी जुनी, सगळ्यात वर एक जवळजवळ नवी.

शीट बसवणारा तोंड पुसत दारात आला. "ताई, मी असली कामं घेत नाही," म्हणाला आणि हत्यारं उचलून गेला.

दुपारी बसकाका जेवायला आला. डबा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला. त्यानं नाक दाबलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. त्याचा चेहरा बघूनच तिला सगळं कळलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"अगं, मी करणारच होतो."

"मी ते नाही विचारलं."

"तू माहेरी गेली होतीस ना, तेव्हा. पाणी वर आलं होतं. सगळं उकरायला सांगत होता प्लंबर, मला वाटलं पट्टी लावली की थांबेल. वरून शीट टाकली की वाळेल आपोआप."

"आणि मग वास यायला लागला तेव्हा?"

त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मग आईचं वय झालंय असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणत होतीस तिच्या खाटेपाशी वास येतो म्हणून." त्याचा आवाज पोरांशी बोलतो तसा मऊ होता. "मी आपलं बोलून गेलो. आणि एकदा बोलल्यावर काय सांगणार? तिचे कपडे ओले व्हायचेच ना कधीकधी. खोटं तर नव्हतं अगदी."

"तू त्यांची गादी फेकलीस. स्वतःच्या हातानं. आणि त्यांना नेऊन सोडलंस," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला ती पहिल्यांदा तू म्हणाली होती. दोघांनाही ते ऐकू आलं.

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

ती ओरडत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. स्वच्छ हात, कापलेली नखं. ह्याच हातांनी तो भात कालवत होता, ह्याच हातांनी दर काही महिन्यांनी कपाटाखाली वाकून एकेक पट्टी गुंडाळत होता, मग साबणानं धुवून आईच्या पाया पडून बसवर जात होता. त्या अळ्यांची तिला इतकी किळस आली नव्हती.

"डबा तिकडे बाहेर खा," ती म्हणाली.

संध्याकाळी नाकाबाई नणंदेकडे गेली. जाताना तिनं कुजलेल्या प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा तोडून दोन पिशव्यांत घट्ट बांधून घेतला होता. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

नणंदेचं घर नीटनेटकं होतं. सासूबाईंना काचा लावलेल्या गॅलरीत जागा दिली होती, खाटेवर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर चादर. दारातच गुलाबाच्या स्प्रेचा इतका दाट वास होता की डोळ्यांत पाणी यावं. "आईच मारत राहते गं वहिनी," नणंद कंटाळून म्हणाली. "डबा उशाशीच ठेवते. दिवसातून चार-चार वेळा अंघोळ. सांगून सांगून थकले."

सासूबाई आणखी लहान झाल्या होत्या. हातांची कातडी साबणानं फाटून पांढरी पडली होती, कोपरांवर भेगा. सुनेला बघून त्या खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, लांब.

"आई, वास तुमचा नव्हता," नाकाबाई उभ्या उभ्याच म्हणाली. "पाइप फुटला होता. शीटखाली सगळं कुजलंय."

सासूबाई हसल्या. "चांगली आहेस तू. पण एवढ्यासाठी खोटं कशाला बोलायचं?"

"खोटं नाही बोलत."

"मला येतो ना माझा वास. इथेसुद्धा येतो."

नाकाबाईनं पिशवी सोडली. नणंदेनं "अगं बाई" म्हणत तोंड फिरवलं. सासूबाईंनी तुकडा हातात घेतला, नाकापाशी नेला आणि डोळे मिटले. कुणी फूल हुंगावं तसा त्यांनी तो बराच वेळ हुंगला. मग स्वतःचा हात हुंगला, मग पुन्हा तुकडा.

"हाच," त्या म्हणाल्या. "अगदी हाच."

मग त्या रडल्या. नाकाबाईनं त्यांना जवळ घेतलं आणि त्या भेगाळलेल्या हातांना फक्त साबणाचा वास येत होता हे तिच्या लक्षात आलं. कदाचित आधीही एवढाच येत असेल. तिनं कधी इतक्या जवळ जाऊन बघितलंच नव्हतं. स्वतःची तिला शिसारी आली, आणि ती गिळताही येईना.

"त्याला माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

नणंद भावजयीकडे बघायला लागली. नाही म्हण, असं तिच्या डोळ्यांत होतं.

"होतं," नाकाबाई म्हणाली.

सासूबाईंनी तुकडा पिशवीत घातला, गाठ मारली, आणि स्प्रेचा डबा नणंदेच्या हातात दिला. "हा घेऊन जा. माझं डोकं उठतं ह्यानं," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दिवस घराला लुटून नेलेल्या खेड्याची कळा होती. प्लंबरनं पाइप बदलला. कुजलेलं लाकूड बसकाकानं एकट्यानं उपसलं, पोती भरली, पाठीवर टाकून कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेली. पोत्यांतून काळं पाणी त्याच्या मानेवर गळत होतं. नाकाबाईनं मदत केली नाही आणि त्यानं मागितलीही नाही. जमीन पंख्याखाली वाळत ठेवली, नवं प्लायवूड ठोकलं, सांधे लेपानं भरून घासले. मग तोच शीट बसवणारा आला, जरा ओशाळा. त्यानं शीट पसरली, कडा भिंतीवर थोड्या चढवून ठेवल्या, अर्धी उलटून खाली दातेरी थापीनं गोंद ओढला, ती हळूहळू सोडत जड रोलर फिरवला, मग उरलेली अर्धी. शेवटी वाकड्या पात्यानं कडा अशा कापल्या की भिंत आणि शीट यांत नखसुद्धा जाणार नाही. काम चोख होतं. गोंदाचा उग्र वास दोन दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर स्वयंपाकघरात कशाचाच वास येत नव्हता. नाकाबाई गुडघ्यांवर बसून कोपरा न कोपरा हुंगून आली.

सासूबाई परत आल्या. आणायला बसकाका गेला होता. वाटेत दोघं काय बोलली, कोण जाणे. आल्यावर त्यांनी नव्या जमिनीवरून पाय घासून बघितला, "गुळगुळीत आहे," म्हणाल्या आणि मुलाला चहा टाकायला सांगितलं. त्यानं टाकला. त्या तो प्यायल्या, आणि पुढे रोज त्याच्याशी पहिल्यासारख्याच बोलत राहिल्या. पाऊस येईल का, पोरं बसमध्ये मस्ती करतात का, तू वाळलास.

नाकाबाईला हे बघवत नव्हतं. नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं ती पूर्वी सहज खायची, आता त्याचं ताट ती वेगळं घासायची. तो शेजारी येऊन झोपला की तिला त्याच्या टूथपेस्टचा, कपड्यांच्या साबणाचा वास यायचा. सगळे स्वच्छ वास होते, आणि ती भिंतीकडे तोंड करायची. शेवटी तिनं आपली गादी सासूबाईंच्या खोलीत नेली.

एका दुपारी दोघी तिथे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाहेर बसकाका शेजारच्या पोराची सायकल दुरुस्त करत होता आणि पोरगं खिदळत होतं.

"आई," नाकाबाई म्हणाली, "तुम्हाला किळस नाही येत त्याची?"

सासूबाईंनी हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली.

"पोटच्या पोराची कुठे येते गं? मी त्याचं काय काय काढलंय ह्या हातांनी." मग पुढे म्हणाल्या, "तुला येते ना?"

"येते."

"मग येऊ दे. घरात एकीला तरी यायलाच पाहिजे."

त्यांनी पुढचा अभ्रा ओढला. नाकाबाईनं त्याचं दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी तो ताणून सरळ केला.